होळीआधी रंगलेले कुरव

अमरावती
रविवार, २ मार्च २०२५

ती. आत्या,
सा. न.

आधी चूक दुरुस्त करते. ९ फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की दर्यापूर रस्त्यावरच्या तलावावर समुद्राकडचे कुरव पक्षी आले आहेत आणि त्यांची डोकी काळी झाली आहेत. ते कुरव नव्हते, नदीसुरय होते. आज पुन्हा गेले, ऊन पाठीशी येईल असं बांधावर बसले आणि नीट पाहिलं. चोच पिवळीधमक, शेपूट चिमट्यासारखं दुभंगलेलं, आणि उडताना मान खाली घालून पाणी तपासत जाण्याची ती सवय. कुरव असं करत नाही. नदीसुरय इथलाच रहिवासी. त्याची टोपी या दिवसांत काळी होतेच, त्यात काही नवल नाही. त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, पक्षी लांब होते, आणि मला कुरव दिसायला हवे होते. तीन कारणं दिली, पण खरं कारण शेवटचंच आहे.

दम्यामुळे मी चौथीपर्यंत घरीच शिकत होते, तेव्हा गणित बाबांकडे आणि बाकी सगळं तुझ्याकडे होतं. चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची, हा तुझा नियम. म्हणून ते जुनं पत्र फाडू नकोस. हे त्याच्याखाली ठेव.

आता एक विचारायचं आहे. २० फेब्रुवारीच्या पत्रात तू लिहिलंस, "इकडेही कुरवांची डोकी रंगली, अगदी तू म्हणतेस तशी." पण लहानपणी तूच सांगायचीस की कुरव होळी खेळतात, डोकं रंगवून घेतात आणि मग माहेरी जातात. हिवाळाभर त्यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त तीट लावल्यासारखा एक ठिपका. होळी अजून यायची आहे. यंदा आंजर्ल्याला लवकर रंगले का? तू समुद्रासमोर आहेस, मी नाही, तेव्हा तुझंच बरोबर असणार. तरी लिही.

तलावावर आज सात पट्टकादंब होते. डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसले, म्हणून यात चूक नाही. शेवटचे थोडे दिवस राहिलेत त्यांचे, मग हिमालयापलीकडे.

बाबांचा दर रविवारी रात्री अकोल्याहून फोन येतो. दिवाळीत तू अंगणाच्या पायरीवरून पडलीस, ते शेजाऱ्यांनी कळवल्यापासून त्यांचा एकच प्रश्न असतो. "अनूताईचं पत्र आलं का? ठीक आहे ना ती? फोनवर मला 'सगळं छान' म्हणते आन् ठेवून देते. तू सांगशील ते मी मानीन देवू, तू खोटं बोलत नाहीस." मागची खोली त्यांनी रंगवून घेतली आहे. तुझं एकटीनं निभत नाही असं त्यांना वाटलं, तर अक्षय तृतीयेच्या आत ते तुला घेऊन येणार आणि तिकडचं घर बंद करणार. मी त्यांना सांगितलं, आत्या ठणठणीत आहे, रोज किनाऱ्यावर जाते, परवाच कुरव पाहून आली.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आता नमुने वाढायला लागलेत. दिवसभर काळी माती चाळायची आणि संध्याकाळी खोलीवर यायचं. कुलूप उघडताना आत कुणी नाही हे माहीत असतं, तरी मी कडी हळूच काढते.

तुझी,
देवश्री


आंजर्ले
११ मार्च

चि. देवश्रीस,
अनेक आशीर्वाद.

नदीसुरयाला कुरव म्हणालीस म्हणून आभाळ कोसळत नाही. तुझा आजोबा घारीला गरुड म्हणायचा आणि आयुष्यभर सुखी होता.

हो, यंदा रंगले लवकर. उन्हाळाही लवकर आलाय. पाखरांनी पंचांग बघून रंगावं असा काही कायदा तुझ्या वकील बापानं केला असेल तर मला माहीत नाही. परवा खाडीत चार पट्टकादंबही उतरले होते. तुझ्याकडचेच निघून आले असतील. तुझ्या पत्रातल्या पट्ट्यांची आठवण झाली.

एक करशील का? पुढचं पत्र जरा मोठं लिही. नुसती नावं नकोत. ऊन कुठून येत होतं, पाणी कोणत्या रंगाचं होतं, पक्षी उठले तेव्हा आधी कोण उठला, आवाज कसा झाला. पूर्वी लिहायचीस तसं. आणि रविवार चुकवू नकोस. खोलीत बसून राहिलीस तर मला इथं कळतं.

बापाले म्हणावं, मागच्या खोलीत कांदे ठेव. छान राहतात.

तुझी आत्या


अमरावती
रविवार, २३ मार्च

ती. आत्या,
सा. न.

तू सांगितलंस तसं लिहिते. सकाळी ऊन डावीकडून होतं. पाणी मधोमध निळं आणि कडेला चहासारखं. शेकाट्यांचा थवा काठावर होता. आधी एक उठला, तो टोकाचा, मग सगळे. आवाज कुणीतरी कोरं कापड टरकावल्यासारखा, आणि मग ती किटकिट. पट्टकादंब गेले. मी मागच्या रविवारी गेले तेव्हाही नव्हते, म्हणजे त्याआधीच्या आठवड्यातच कधीतरी गेले. जाताना कुणी पाहिलं नाही.

बांधाच्या पलीकडे मैनाबाईंचा भुईमूग आहे. त्या राखणीला बसतात. आज त्यांनी मला हाक मारली.

"वो बाई, तू पाटबंधाऱ्याची का?"

"नाही, मी पक्षी बघते."

"बघून काय करतं?"

"माझ्या आत्याला लिहून पाठवते. ती समुद्राकाठी राहते. तिकडचे पक्षी ती मला लिहिते."

"अन भेटता कवा?"

"पाच वर्षं झाली."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा पाखरं बरे. वर्साले येतात तरी."

मला डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा दिला आणि वर म्हणाल्या, "लिहून टाक, मैनाबाईनं खाऊ घातलं म्हून."

लिहिलं.

आत्या, आता पुढचं आहे ते लिहायचं मी तीन दिवस मनातच टाळत होते. पट्टकादंब तुझ्या खाडीत उतरत नाहीत. हे मी पुस्तकातून सांगत नाही. "आमच्याकडे सगळं मिळतं, फक्त तुझे पट्टकादंब नाहीत, त्यांना खारं चालत नाही," हे तुझं वाक्य आहे, मी बारावीत असतानाचं. आणि कुरवांचं मी पुन्हा ताडून पाहिलं. तुझ्या प्रत्येक वर्षीच्या पत्रात ते होळीच्या आगेमागेच रंगले आहेत. एकदाही फेब्रुवारीत नाही. यंदा मात्र मी इथं चूक केली आणि दहा-बारा दिवसांनी तीच चूक तुझ्या किनाऱ्यावर उतरली.

मग माझ्या लक्षात आलं की दिवाळीपासून तू जे जे पाहिलंस ते मी आधी लिहिलेलं आहे. तुझं अक्षर मोठं झालंय. एका ओळीत चार-पाच शब्द मावतात. मी समजत होते, तू आरामात लिहितेस.

मला एक सुचलं होतं, तेही सांगते. या पत्रात मुद्दाम एक खोटा पक्षी घालायचा आणि तो तुझ्याकडे येतो का पाहायचं. नाव ठरवलंही होतं. पण ते माझ्याच्यानं होईना. तुला फसवून तू फसलीस हे सिद्ध करायचं, मग मला काय मिळणार?

म्हणून सरळ विचारते. तुला किनारा दिसतो का?

पाडव्याला मी अकोल्याला जाणार आहे. बाबा समोर बसवून विचारतील. त्याआधी तुझं पत्र आलं तर बरं होईल.

देवश्री


अमरावती
मंगळवार, १ एप्रिल

ती. आत्या,

तुझं पत्र आलं नाही. पाडवा झाला. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला बाबांकडून वेगळं कळायला नको.

बाबा स्टुलावर चढून गुढी बांधत होते आणि मी काठी धरून उभी होते. तिथूनच त्यांनी विचारलं. तोंड वर होतं, त्यामुळे मला चेहरा दिसत नव्हता.

"देवू, अनूताईला दिसतं ना?"

"का विचारता?"

"परवा फोनवर विचारलं, समोरच्या नारळाला किती शहाळी आहेत. म्हणते, भरपूर. ताई कधी भरपूर म्हणते का? ती आकडा सांगते. पत्रात काय लिहिते?"

"पक्षी लिहिते."

"म्हणजे दिसतं."

 त्यांनी सुतळीची गाठ मारली, खाली उतरले आणि साक्षीदाराकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"हो म्हण, मी विषय संपवतो. तुझा शब्द बस आहे मले."

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे तू हो म्हणून नाही राहिली."

आत्या, मी नाही म्हणाले नव्हते. पण हो म्हणता आलं नाही, आणि बाबांनी त्यातलं जे काढायचं ते काढलं. आईनं कडुलिंबाची चटणी हातावर ठेवली, ती मी तशीच धरून उभी होते. दुपारी त्यांनी २६ एप्रिलचं तिकीट काढलं. येताना तुझंही.

त्यांच्यावर रागावू नकोस. मागची खोली मी पाहिली. खिडकीशी खाट ठेवली आहे, कूलरला नवीन वाळा भरला आहे, उंबरठा तासून सपाट केला आहे म्हणजे तुझा पाय अडकायला नको. खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. बाबा म्हणाले, "तिथं एकटी पडून राहिली तर तिसऱ्या दिवशी कळेल लोकांले." ते म्हणताना त्यांनी खाटेवरची चादर पुन्हा एकदा ताणली.

तू काहीतरी लिही. रागावलीस असंही लिही.

देवश्री


आंजर्ले
७ एप्रिल

चि. देवू,

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. भिंग धरून एकेक ओळ वाचायला सकाळ लागते. पहिल्याला उत्तर दिलं नाही कारण द्यायचं नव्हतं. दुसरं आल्यावर वाटलं, पोरीला चटणी हातात धरून उभं केलं आपण.

नाही दिसत.

मागच्या पावसाळ्यापासून. काचबिंदू म्हणाले दापोलीत. डावा गेला. उजव्यात नाकाशी धरलेलं अक्षर दिसतं आणि त्यापुढे दूध सांडल्यासारखं सगळं. थेंब घालते, आहे ते टिकावं म्हणून. परत यायचं नाही. पायरीवरून पडले ती पायरी मला दिसली नव्हती.

आता तू विचारशील, का लपवलंस. बापाच्या भीतीनं, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगते. मी तुला हे कळवलं असतं तर तू पुढच्या पत्रात काय लिहिलं असतंस? थेंब घातलेस का, पायरीला कठडा लाव, डॉक्टर काय म्हणाले. मला ठाऊक आहे ना तू कशी आहेस ते. पक्षी गेले असते पत्रातून. सगळं औषधांच्या वेळांनी भरलं असतं. मला इथं कुरव दिसत नव्हते, पण दर पत्रात तुझा तलाव दिसत होता. ऊन डावीकडून, पाणी कडेला चहासारखं. तेवढंच दिसत होतं ग मला. आणि तुला काहीतरी परत द्यायला हवं म्हणून तुझेच पक्षी माझ्या किनाऱ्यावर सोडत गेले. नदीसुरय कुरव करून पाठवलास तू, मी गुमान ठेवून घेतला. मास्तरीण म्हणून लाज वाटायला हवी. पट्टकादंब खाडीत उतरवले तेव्हा मलाही शंका आली होती. म्हटलं, खपतील.

रोज किनाऱ्यावर जाते, हे मात्र खरं आहे. गल्लीतून सरळ, मग वाळू पायाला लागते. तिथं एक पालथी होडी आहे, तिच्यावर बसते. कुरव अजून आहेत. कोळणी जाळी झटकतात तेव्हा कावकाव करत येतात. चिखल्यांची शीळ ऐकू येते. पण कोण किती आहेत, डोकी रंगली का, कुणी निघण्याच्या तयारीत आहे का, ते आवाजावरून कळत नाही. दरवर्षी एका सकाळी जाते आणि किनारा गप्प असतो. गेल्या वर्षापर्यंत मला ती सकाळ आधी चार दिवस कळायची. थवा कसा एकाच दिशेला तोंड करून बसायला लागतो, त्यावरून. यंदा नुसतीच एक दिवस शांतता येईल. तेवढं मात्र मला जड जातंय.

बापाला खोटं सांगू नकोस. 'माहीत नाही' हे बरोबर उत्तर होतं. आता माहीत आहे, तेव्हा ते सांग. मी येईन अकोल्याला. टाकीवर कबुतरं तरी बसत असतीलच. एवढंच वाटतं की कुरव गेल्यावर यावं. त्यांच्या आधी मी निघून गेले, असं या सतरा वर्षांत झालेलं नाही.

मैनाबाईला माझा नमस्कार. फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.

आत्या


अमरावती
रविवार, १३ एप्रिल

ती. आत्या,
सा. न.

हे पत्र उद्या सुट्टी आहे म्हणून मंगळवारी स्पीड पोस्टानं जाईल. माझ्या आधी पोचेल की नाही याची खात्री नाही. न पोचलं तर मी आल्यावर वाचून दाखवीन.

तुझं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. मी ते घेऊन तशीच बडनेऱ्याला गेले आणि अकोल्याची गाडी धरली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बाबा ओसरीवर पक्षकाराशी बोलत होते. तो जाईपर्यंत मी थांबले आणि मग सगळं सांगितलं. डावा गेला, उजव्यात जवळचं दिसतं, पायरी दिसली नव्हती. काही गाळलं नाही. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग मी म्हणाले, "बाबा, तुम्ही सव्वीसला जाऊ नका. आधी मी जाते."

"तू? अकोल्याच्या पलीकडे एकटी कधी गेली आहेस का?"

"नाही."

"पंप कोण मारणार दम लागल्यावर?"

"मीच मारते, बाबा. पाच वर्षं झाली."

"आन् जाऊन करशील काय?"

"कुरव जाईपर्यंत राहीन. किनाऱ्यावर काय आहे ते तिला सांगीन."

ते म्हणाले, "म्हणजे स्थगिती मागून राहिली तू." मी म्हणाले, हो. त्यांनी विचारलं, कुठवर? मी सांगितलं, तारीख पक्षी देतील. आईला हसू आलं. बाबांना नाही आलं, पण त्यांनी तिकीट रद्द केलं. अट अशी घातली की मी तिथून दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि ताई एकटी राहू शकते की नाही, ते माझ्या डोळ्यांनी पाहून सांगायचं. "पत्रावरून नाही," असं दोनदा म्हणाले.

तेव्हा आत्या, तुला आताच स्पष्ट लिहिते. तुझं घर वाचवायला मी येते आहे असं समजू नकोस. मला तू पायरीवर चाचपडताना दिसलीस तर मी ते बाबांना सांगेन. तू स्वतः चहा करून घेतेस, गल्लीतून न अडखळता जातेस, हे दिसलं तर तेही सांगेन. मला दोन्हीची भीती वाटते. पहिल्याची जास्त.

प्रयोगशाळेत हे दिवस नमुन्यांचे आहेत, खरीप तोंडावर आला आहे, काल साहेबांना फोन केला तेव्हा ते नाराज झाले. रजा मात्र मिळाली. बॅगेत काय भरायचं ते काल रात्रीपासून ठरवते आहे आणि पुन्हा बाहेर काढते आहे. गाडीत झोप लागली आणि खेडला उतरायचं राहिलं तर काय, हे मनात सारखं येतं. तू उत्तर देऊ नकोस, पत्र वेळेत पोचणार नाही. मीच स्वतःला सांगितलंय की शेजारच्या प्रवाशाला विचारायचं.

आज सकाळी तलावावर शेवटचं जाऊन आले. पाणी खूप खाली गेलंय. नदीसुरय होते, तेच ते, मधल्या उघड्या पडलेल्या वाळूवर. मैनाबाईंना सांगितलं की पुढचे रविवार मी नसेन. त्या म्हणाल्या, "आत्याकडे चालली का? जाय जाय. रिकाम्या हातानं नोको जाऊ." आणि ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा दिल्या. त्या तुझ्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. एकही खाल्लेली नाही. खरं म्हणजे दोन खाल्ल्या.

होडीवर आपण शेजारी बसू. मी दिसेल तेवढंच सांगेन. कोण कुठे बसलाय, तोंड कुणीकडे आहे, डोकं किती रंगलंय. रंग कळला नाही तर कळला नाही म्हणेन. नाव मी घेणार नाही, ते तू सांगायचंस, कारण कुरव आणि सुरय यांत माझी काय गत होते ते तू पाहिलंच आहेस. थवा एका दिशेला तोंड करून बसायला लागला की ते मी तुला लगेच सांगेन.

आणि मी पोचायच्या आत ते निघून गेले असतील, असंही होऊ शकतं. कुणी थांबवू शकत नाही. तसं झालं तर किनारा रिकामा आहे, हे मी पुन्हा पुन्हा पाहून तुला सांगेन. नुसत्या शांततेवरून तुला ते समजून घ्यावं लागणार नाही.

थेंबांच्या वेळा मी विचारलेल्या नाहीत, हे लक्षात आलं असेल. विचारणार आहे, पण तिथं आल्यावर.

बडनेऱ्याहून रात्रीची गाडी आहे. मी शनिवारी, १९ एप्रिलला निघते.

देवश्री